पाचूच्या पाण्याला वाट

यशवंतपूर, बेंगळूर
१८ सप्टेंबर १९६३

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार. हा कागदावरचाच बरं; खरा घालायचा तर गुडघे ऐकत नाहीत.

तू म्हणशील, या तुंगाला दोन वर्षांत आपणहून चार ओळी लिहायला सुचलं नाही आणि आज एकदम दोन ताव कसे? कारण सांगते, पण हसायचं नाही. माझ्या घरात घोयरा आला आहे. घोयरा म्हणजे आपल्या बेळगावच्या कुंपणावर असायचा तोच, रंग बदलणारा. आई त्याला पाहिलं की तोंडाला पदर लावायची. इथे त्याला गोसुंबे म्हणतात.

मागच्या आठवड्यात यल्लव्वा भाजीवालीने कढीपत्त्याची अख्खी फांदीच माझ्या टोपलीत टाकली. फोडणीला तेल ठेवून मी पानं ओरबाडायला गेले, तर एका पानाने माझं बोट धरलं. चिमट्यासारख्या पायाने, घट्ट. इकडे मोहरी करपली, तिकडे मी तशीच उभी. पाहते तर पानांत एक डोळा माझ्याकडे रोखलेला आणि त्याच डोक्यावरचा दुसरा डोळा खिडकीकडे! अण्णा, हे गेल्यापासून या घरात माझ्याकडे असं टक लावून कुणी पाहिलं नव्हतं. टाकून द्यायला हात धजला नाही. दुधाचं जाळीचं कपाट रिकामंच होतं, ते गॅलरीत ठेवून त्यात कढीपत्त्याच्या कुंडीवर त्याला बसवलं. नाव ठेवलं पाचू.

खायला नाकतोडे मिळतात. पण पाणी! वाटीतल्या पाण्याकडे चार दिवस ढुंकून पाहिलं नाही. डोळे खोल गेले. मी म्हटलं, गेलं हे जित्राब. पाचव्या दिवशी तुळशीला घालताना तांब्यातले चार थेंब त्याच्या पानावर उडाले, तर ते एकेक थेंब मान पुढे करून, सावकाश, प्रसाद घ्यावा तसे पिऊ लागलं. मी हातातला तांब्या तसाच धरून बघत राहिले. साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही, अण्णा. पडतं तेच पाणी.

आता सकाळ-संध्याकाळ शिंपडते. त्यातलं ते पितं किती, तर पळीभर. बाकीचं कुंडीत, कपाटात आणि गॅलरीच्या फळ्यांतून थेट खाली. खाली भाग्यलक्ष्मी राहते. ती उदबत्त्या वळते आणि ओसरीवर वाळत घालते. परवा तिच्या शंभरेक काड्या भिजून त्यांचा लाडू झाला. वर आली, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अक्का, तुमचा गोसुंबे राहणार, नाहीतर मी राहणार. दसऱ्यापर्यंत बघते. सरी, समजलं?" कपाटालाही कुबट वास येतो आणि पाचूच्या पोटाखाली बुरशीसारखं पांढरं दिसतं.

तू चाळीस वर्षं गटारं बांधलीस. माझं एवढं एक बांधून दे. नाहीतर मला त्याला सोडून द्यावं लागेल, आणि मला ते सोडवणार नाही.

डोळे कसे आहेत? इथल्या इस्पितळात मोतीबिंदू काढतात, हे मी चौथ्यांदा लिहिते आहे.

तुझी तुंगा

*

बेळगाव
२५ सप्टेंबर १९६३

चि. तुंगास आशीर्वाद.

हसू नकोस म्हणालीस म्हणून हसलो. दोनदा. सूनबाई शालन पोळी तव्यावर टाकून काय झालं बघायला धावत आली. माझ्या हसण्याने या घरात माणसं घाबरतात, अशी वेळ आली आहे.

आता कामाचं. पाणी न मोजता गटार बांधतो तो ओव्हरसियर गाढव. दिवसाला किती तांबे ओततेस ते मोज. मग ध्यानात धर: तू पाणी अडवू पाहते आहेस, म्हणून ते भाग्यलक्ष्मीकडे जातं आहे. पाण्याला नको म्हणता येत नाही, इकडून जा एवढंच म्हणता येतं. कपाटाच्या तळाला पत्र्याचं ताट बसवून घे. ताटाला एका बाजूला ढाळ दे, दर फुटाला पाव इंच. त्याहून कमी दिलास तर तुंबेल. खालच्या कोपऱ्यात तोटी काढ. तोटीला सायकलची जुनी ट्यूब बांधून परसात सोड. ट्यूब कुठे वर चढू द्यायची नाही, खालीच उतरत गेली पाहिजे.

डोळ्यांचं विचारतेस. मोतीबिंदू पिकलाय म्हणतात. पिकू दे. तुझी वहिनी गेली तेव्हाच पाहायचं सगळं पाहून झालं. डोळ्याला सुरी लावून घ्यायची ती कशासाठी, भिंतीवरचा तिचा फोटो पाहायला? तो मला पाठ आहे.

अण्णा

*

यशवंतपूर
९ ऑक्टोबर १९६३

तीर्थरूप अण्णा, नमस्कार.

तुझं पत्र घेऊन मी परसू पत्रेवाल्याकडे गेले. त्याला ढाळ कळेना, तोटी कळेना. शेवटी त्याला हाताला धरून समोरच्या महादेवाच्या देवळात नेलं आणि म्हटलं, "अशी कर!" शाळुंका रे, अण्णा! पिंडीवर कितीही पाणी पडो, एक थेंब जागेवर थांबत नाही, एका मुखाने बाहेर जातो. तुझं सगळं ड्रेनेज देवाने आधीच करून ठेवलेलं. परसूने तिथल्या तिथे कान पकडले आणि दोन दिवसांत ताट करून दिलं.

आता रागावू नकोस. शाळुंका झाल्यावर मला पुढचंही सुचलं. आईने दिलेलं तांब्याचं अभिषेकपात्र काढलं, भोकात दर्भाची काडी घातली आणि कपाटात पाचूच्या फांदीवर टांगलं. टप्... टप्... एकेक थेंब पानावर. एका दिवसाला एक तांब्या पुरे होतो. देवळातले भटजी म्हणाले, पाप. मी म्हटलं, जो पितो त्याच्यावर धरलं तर पाप कसलं?

ट्यूब मागच्या मेंदीच्या कुंपणात सोडली आहे. भाग्यलक्ष्मीने स्वतः ओसरीवर रात्रभर एक कोरडी उदबत्ती ठेवून सकाळी ती पेटवून पाहिली. पेटली! तिने तीच पाचूला ओवाळली.

आणि काय सांगू? पाचूची जीभ पाहिलीस तर तू जेवण विसरशील. आख्खा पाचू वीतभर, जीभ त्याहून लांब. नाकतोडा तिकडे बसलाय म्हणेपर्यंत तोंडात. सकाळी उन्हात बसतो तेव्हा काळपट असतो, तासाभरात हिरवा होतो. मी मशीनवर ब्लाउज शिवता शिवता पाय थांबवून बघत बसते. गिऱ्हाइकं ओरडतात.

तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत. मला कळत नाही असं समजू नकोस.

तुंगा

*

बेळगाव
१७ ऑक्टोबर १९६३

चि. तुंगास आशीर्वाद.

शाबास. चाळीस वर्षांत कुणी माझं काम शाळुंकेपर्यंत नेलं नव्हतं. मी गटारवाला, गटारवालाच राहिलो.

एक दुरुस्ती. ताट झालं तरी कुंडी आणि तिच्यातली माती तू ठेवली असशीलच. काढ. माती म्हणजे ओल, ओल म्हणजे बुरशी. फांद्या तारेने बांध आणि खाली स्वच्छ कोरडा पत्रा ठेव. कोरडं ठेवलंस तर ते जित्राब वर्षभर जगेल, हा माझा शब्द.

ओळींचं म्हणशील तर दिवा मंद होता.

अण्णा

*

यशवंतपूर
२० नोव्हेंबर १९६३

तीर्थरूप अण्णा,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. तू सांगितलंस तसं मातीचा कण ठेवला नाही. पत्रा लख्ख. आणि पाचूने खाणं सोडलं. अंगावर पिवळे ठिपके उठले, पोट एका बाजूने फुगलं. फांदीवरून खाली उतरून तो दिवसभर पत्र्यावर पुढचे पाय घासायचा. खर्र खर्र. मला वाटलं, पत्रा बाधला, म्हणून रोज चिंचेने घासून काढला. तरी खर्र खर्र. चौथ्या दिवशी नखांना रक्त आलं. अण्णा, त्या दिवशी मी कपाटासमोर बसून रडले. म्हटलं, एवढं पाणी बाहेर काढलं आणि आपण याला मारलं.

भाग्यलक्ष्मी आवाज ऐकून वर आली. पाच बाळंतपणं झालेली बाई. तिने एकदाच वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो अक्का, याला रोग कुठला? ही बाळंतीण व्हायला जागा शोधते. तुम्ही हिच्या खालची जमीन काढून नेली!"

पाचू म्हणजे ती. पोटातलं घेऊनच माझ्याकडे आलेली, आणि मला दोन महिने कळलं नाही!

घासलेटचा रिकामा डबा होता, परसूने वरून कापून दिला. तुझी शिकवण म्हणून तळाला खिळ्याने भोकं पाडली, खाली खडी, वर रेतीमिसळ माती, तांब्याभर पाणी. तिला आत सोडलं. सकाळचे नऊ वाजले होते. ती खणायला लागली. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्यांनी लोटायची. दुपारपर्यंत नुसती शेपटी वर दिसत होती. आम्ही दोघी बायका डब्याच्या दोन बाजूंना बसून होतो. चूल नाही, मशीन नाही, उदबत्ती नाही. पाच वाजता ती उलटी होऊन आत बसली, तोंड वर, डोळे मिटलेले. किती अंडी घातली ते दिसलं नाही. मग बाहेर येऊन तिने सगळी माती परत भरली आणि पायांनी चोपली. एवढी बारीक झालेली, कातडी लोंबत होती, तरी फिरून फिरून चोपत होती. शेवटी वरचा भाग असा सपाट केला की खाली काही आहे असं कुणालाही वाटू नये.

मग वर चढली आणि अभिषेकपात्राखाली दहा मिनिटं पाणी पीत राहिली. भाग्यलक्ष्मी हात जोडून उभी होती. मीही.

आता या डब्यात पाणी किती ठेवायचं? जास्त झालं तर नासतील, कमी झालं तर सुकतील. लवकर लिही.

तुंगा

*

बेळगाव
२८ नोव्हेंबर १९६३

चि. तुंगास आशीर्वाद.

चुकलो. चाळीस वर्षं मी ओल दिसली की शत्रू समजत आलो. खाली कुणाला ती हवी असेल, हे मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. तिच्या नखांचं वाचून रात्रीचं जेवण गेलं नाही.

मातीची मूठ आवळून बघ. बोटांतून पाणी निघालं तर जास्त. मूठ उघडल्यावर ढेकूळ फुटलं तर कमी. ढेकूळ राहिलं आणि हात नुसता गार लागला, तर तेवढीच ओल ठेव. पाणी वरून ओतू नकोस, डब्याच्या कडेने सोड. आणि भोकं तुंबू देऊ नकोस.

अण्णा

आत्याबाई, हे पत्र मी शालन लिहिते आहे, मामंजी सांगतात तसं. मागची दोन पत्रं त्यांनी स्वतः खिडकीत बसून, नाक कागदाला लावून लिहिली होती. आता उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही आणि डाव्याने सावल्या दिसतात. डॉक्टर म्हणतात, आता काढला तर हमखास दिसेल, अजून वर्षभर थांबले तर आत बिघडेल. मामंजी ऐकत नाहीत. तुमची पत्रं मात्र तीन-तीनदा वाचून घेतात. हे मी शेवटी त्यांना न सांगता लिहिलं आहे.

*

यशवंतपूर
१२ डिसेंबर १९६३

तीर्थरूप अण्णा,

आता ऐक. तुझी माझी पैज. या डब्यातून पिल्लं निघाली, तर तू गाडीत बसायचंस, इथे यशवंतपूरलाच उतरायचंस आणि डोळा करून घ्यायचास. नाही निघाली, तर मी पुन्हा इस्पितळाचं नाव काढणार नाही. बोल.

तुंगा

*

बेळगाव
२१ डिसेंबर १९६३

चि. तुंगास आशीर्वाद.

शालनने काय लिहिलं असेल ते कळलं. सुनेने वकिली सुरू केली म्हणायची!

पैज कबूल. घासलेटच्या डब्यातल्या मातीतून काही निघालं, तर आंधळाही बघायला येईल. दिला शब्द. पण निघणार नाही, तुंगा. हे तुला आधीच सांगतो, नंतर रडू नकोस.

अण्णा

*

यशवंतपूर
२४ मार्च १९६४

तीर्थरूप अण्णा, नमस्कार.

मूठ रोज आवळून बघते. ऊन वाढलं आहे, म्हणून डब्यावर ओलं गोणपाट टाकलं. भोकं महिन्यातून एकदा केसाच्या आकड्याने साफ करते. माती गार आहे, वास गोड आहे. भाग्यलक्ष्मी पोटुशी बाईची विचारपूस करावी तशी रोज डब्याची चौकशी करते. बाकी सर्व ठीक. तुझ्या शब्दाची आठवण आहे ना?

तुंगा

*

बेळगाव
१ एप्रिल १९६४

चि. तुंगास आशीर्वाद.

शालनने पत्र वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. मग जानेवारीचं आणि फेब्रुवारीचं काढून तीही वाचायला लावली.

तुंगा, डोळे गेले तरी हिशोब जात नाही. पैजेचं एक सोडलं, तर पाचू आल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात पाणी असायचं. आज एक तांब्या, आज दर्भाची काडी बदलली, आज ती कशी प्यायली. गेल्या तीन पत्रांत माती आहे, मूठ आहे, गोणपाट आहे. पडणाऱ्या पाण्याचं एक अक्षर नाही.

कधी गेली ती?

अण्णा

*

यशवंतपूर
८ एप्रिल १९६४

अण्णा,

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. फांदीला धरूनच गेली, पाय सोडवावे लागले. त्या दिवशी तिचा रंग असा हिरवा होता की मला बराच वेळ पटेना. मेंदीखाली पुरली. तुझ्यापासून लपवलं, कारण तू म्हणाला असतास, बघ, आईच गेली, आता डब्यातून काय निघणार? आणि वहिनींनंतर तुला आणखी एक जाणं कळवायला माझा हात होत नव्हता.

अभिषेकपात्र धुऊन देवघरात ठेवलं आहे. डबा तसाच आहे. पैज तशीच आहे.

तुंगा

*

बेळगाव
९ ऑगस्ट १९६४

चि. तुंगास आशीर्वाद.

चार महिने मी काही कळवलं नाही, तूही पोस्टकार्डापलीकडे गेली नाहीस. आता पुरे.

नऊ महिने होत आले. कोंबडीला एकवीस दिवस लागतात. या पावसात तुझा तो डबा म्हणजे नासक्या अंड्यांचा चिखल झाला असेल आणि तू त्याच्यापाशी मूठ आवळत बसली असशील. पत्र मिळेल त्या दिवशी डबा उपस, खड्डा करून सगळं पूर आणि हात साबणाने धू. पैज मी जिंकलो. जिंकून आनंद झाला असं नाही.

अण्णा

आत्याबाई, तुम्हाला कळवू नको म्हणून शपथ घातली होती, पण कळवते. मामंजी जूनमध्ये आपल्याच बोळाच्या गटारात पडले. ते गटार त्यांनीच बांधलेलं, त्याची प्रत्येक फरशी त्यांना ठाऊक. गुडघा फुटला, तो भरला. पण तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसतात. डॉक्टर म्हणाले, आता दिवाळीच्या आत काढला तर काढला. - शालन

*

यशवंतपूर
१४ ऑगस्ट १९६४

शालन, हे पत्र त्यांना मोठ्याने वाच. घाईने वाचू नकोस.

अण्णा,

तुझं पत्र नागपंचमीच्या सकाळी मिळालं. मी पाटावर चंदनाने नाग काढत होते. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. तुझं वाचलं, शालनचं वाचलं. गटार तूच बांधलेलं! अण्णा, तेव्हा मला वाटलं, आता माझ्या हातात काही उरलं नाही. तू म्हणतोस तेच खरं असणार. गॅलरीत जाऊन पाहिलं, तर वाऱ्याने गोणपाट उडालेलं, डब्यात वर बोटभर पाणी उभं. भोकं तुंबली होती.

खुरपं हातात घेतलं. तू सांगितलंस, उपस. मी उपसणार होते. देवाशपथ उपसणार होते.

आणि आठवलं की आज मातीला टोचायचं नाही. तुला आठवतं का, आई आपल्याला त्या दिवशी अंगणात काडीनेसुद्धा रेघ ओढू द्यायची नाही? म्हणायची, "आज खाली कुणाचं तरी घर आहे." चिरायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही, खणायचं नाही. मी तर मशीनचीही सुई काढून ठेवते. म्हणून केसाचा आकडासुद्धा भोकात घालवेना. म्हटलं, आज नाही. उद्या उजाडल्यावर.

पण ते उभं पाणी बघवेना. पाचूने एवढं चोपून बसवलेलं घर, निदान बुडून तरी जाऊ नये. मग तुझा ढाळ आठवला. डब्याच्या एका अंगाला वीट सरकवली. थोडा कललेला डबा, दुसरं काही नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग खालच्या कोपऱ्यातल्या एका भोकातून आधी चिखल आला आणि मग धार लागली. संध्याकाळपर्यंत वरचं पाणी उतरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस थांबला होता. मी खुरपं आणि टोपली घेऊन गेले. मातीला भेग पडली होती आणि भेगेत गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. त्याने डोळा उघडला. अण्णा, त्या एवढ्याशा डोक्यावरचा डोळा फिरला, माझ्याकडे आला आणि थांबला. दुसरा आकाशाकडे.

माझ्या हातून खुरपं पडलं.

मग पाय आला, चिमटा. मग सगळं अंग, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं, करडं, आणि मी पाहता पाहता हिरवं होत गेलेलं. त्याच्यामागे दुसरं. तिसरं. एकमेकांच्या पाठीवरून चढत वर येत होती. भाग्यलक्ष्मीला बोलवायला मी पायाने फळी आपटली. ती पीठ लागलेल्या हातांनी धावत आली, पाहिलं आणि डब्यापुढे दंडवत घातलं. तिने नऊ महिने बोटांवर मोजले आणि मला मिठी मारली. दोघी पोरींसारख्या रडलो.

सतरा मोजली. आदल्या दिवशी खुरपं लावलं असतं तर पातं नेमकं त्यांच्यातून गेलं असतं.

जाळीच्या कपाटात नवी फांदी लावली, अभिषेकपात्र पुन्हा टांगलं. पहिला थेंब पानावर पडला तेव्हा त्यातलं एक चालत आलं आणि मान पुढे करून प्यायलं. त्याला कुणी शिकवलं? त्याने तर आई पाहिलीच नाही.

पैज, अण्णा. तू शब्द दिला आहेस. सगळी इथे मावणार नाहीत, मोठी झाली की मेंदीत सोडेन. एक तुझ्यासाठी ठेवते. तुझ्या डोळ्यांनी पाहीपर्यंत त्याला सोडणार नाही.

तुंगा

*

यशवंतपूर
२२ ऑक्टोबर १९६४

चि. सौ. शालनला आशीर्वाद.

अक्षर कुणाचं आहे ते बघ. वाकडं आहे, पण माझं आहे. काल जाड भिंगाचा चष्मा मिळाला. एकच डोळा केला आहे, दुसरा आहे तसाच. तुंगा म्हणते, आता तूही घोयऱ्यासारखा, एक डोळा एकीकडे, दुसरा भलतीकडे.

चष्मा लावल्यावर पहिल्यांदा तुंगाचा चेहरा दिसला. म्हातारी झाली गं. मी तिला तसं सांगितलं, तिने मला आरसा दाखवला.

मग तिने हाताला धरून कपाटापाशी बसवलं. वरून थेंब लोंबत होता. तो भरत जाताना मला दिसत होता. शालन, वर्षभराने मी थेंब पाहत होतो! पानावर पाचूची लेक होती, इतक्या दिवसांत चांगली वाढलेली. तिचे डोळे दोन दिशांना फिरत होते आणि थेंब सुटला तसे दोन्ही डोळे एकदम त्याच्यावर आले. तुंगा पाठीवर हात फिरवत राहिली.

दुपारी ती ब्लाउज शिवत असताना मी काठी घेऊन जिना उतरलो. गुडघ्याची काळजी करू नकोस, उतरलो. मला ती ट्यूब बघायची होती. जुनी खोड. तोटीपासून ढाळ बरोबर होता, कुठे चढ नव्हता. तिच्या मागे मागे मी मेंदीच्या कुंपणापर्यंत गेलो. मी बांधलेल्या गटारांच्या शेवटाला मी कधी थांबलो नव्हतो. तिथे काय असायचं? घाण. कामाचं बिल व्हावं म्हणून जायचं आणि नाक धरून परत यायचं.

इथे ट्यूबच्या तोंडातून टप टप पाणी पडत होतं आणि त्याच्या ओलीवर मेंदी बाकी कुंपणापेक्षा हातभर उंच झाली होती. आधी नुसती पानं दिसली. मी तसाच उभा राहिलो. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, तुम्हाला कुठे थांबता येत नाही. काल थांबता आलं. मग एक पान हललं आणि त्याला डोळा फुटला. त्याच्यावर दुसरा. खाली, अगदी ट्यूबच्या तोंडाशी, तिसरा, पडणाऱ्या थेंबाकडे मान लांबवून. महिन्यापूर्वी सोडलेली पोरं, कुठेही जाऊ शकली असती. ती आमच्या सांडपाण्यापाशी राहिली होती.

अंधार पडेपर्यंत तिथून हललो नाही. तुंगा शोधत आली, तर तिला ओठांवर बोट ठेवून खूण केली. तिथेच पाचूला पुरलं आहे, तिने सांगितलं.

कपाटातल्या लेकीलाही आज तिथेच सोडलं.

तुझ्या सासूबाईंचा फोटो भिंतीवरून काढून कपड्यात गुंडाळून कुणी येईल त्याच्याबरोबर पाठव. जवळून बघायचा आहे. दुसऱ्या डोळ्याची तारीख पौषात घेतली आहे, तोवर मी इथेच.

तुझे मामंजी